प्लस-मायनस उलटते तेव्हा

प्रस्तावना

बॅटरीच्या दुकानात येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. बॅटरी चार्ज धरत नाही, गाडी सेल्फ घेत नाही, इन्व्हर्टर दहा मिनिटांत ओरडायला लागतो, पाणी लवकर आटते. यांची उत्तरे कारागिराला तोंडपाठ असतात. मात्र कधीतरी एखादी बॅटरी अशी येते की मीटरची लाल पिन प्लसला आणि काळी पिन मायनसला टेकवली तरी आकड्याच्या अलीकडे वजाचे चिन्ह उमटते. मग दुकानात दोन मते पडतात. एक म्हणतो मीटर बिघडला, दुसरा म्हणतो बॅटरी भंगारात घाला. दोघेही बहुधा घाई करत असतात. ही पुस्तिका त्या वजाच्या चिन्हाविषयी आहे.

एवढ्याशा दोषासाठी आख्खी पुस्तिका कशाला, असे कुणी विचारील. कारण असे, की हा दोष दिसतो एक, पण त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कधी बॅटरी धडधाकट असते आणि खुणा किंवा वायरी चुकलेल्या असतात. कधी सहा सेलांपैकी एखादाच उलटलेला असतो. आणि क्वचित सगळीच्या सगळी बॅटरी उलट दिशेने चार्ज झालेली असते. या तिन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. खुणांवर विसंबून उलटलेली बॅटरी इन्व्हर्टरला जोडली तर त्याचे बोर्ड जळते. उलट, केवळ खुणा चुकलेल्या चांगल्या बॅटरीवर ‘सरळ करण्याचा’ प्रयोग केला तर आपणच आपल्या हाताने ती उलटवतो. म्हणून या पुस्तिकेचा निम्मा भाग निदानाला दिला आहे. दुरुस्ती त्यानंतर येते.

महाराष्ट्रात या विषयाची गरज गेल्या दोन दशकांत वाढली. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने गावोगावी इन्व्हर्टर नेला. जिन्याखाली, गॅलरीत, देवघराच्या मागे ॲसिडने भरलेली जड बॅटरी येऊन बसली. तिची देखभाल घरच्या माणसांवर पडली आणि त्यांना ती कुणी शिकवली नाही. पुढे सौर दिवे आले, शेतावरचे झटका कुंपण आले, चार-चार बॅटऱ्यांवर चालणारी ई-रिक्षा आली. ट्रॅक्टर आणि ट्रक तर होतेच. बॅटऱ्या वाढल्या, त्या जोडणारे हात वाढले, आणि अंधारात किंवा घाईत लाल-काळ्याची अदलाबदल होण्याचे प्रसंगही वाढले.

विषयात शिरण्याआधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण या दोषाचे मर्म त्यात आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा शिशाचा घट बनवला. शिशाचे दोन पत्रे, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये अंतर राखणाऱ्या पट्ट्या, त्यांची गुंडाळी, आणि ही गुंडाळी पातळ सल्फ्युरिक ॲसिडात बुडवलेली, एवढाच तो घट होता. दोन्ही पत्रे अगदी एकसारखे होते. प्रवाह सोडला की एका पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर चढे. पण हा थर पातळ असे, त्यामुळे साठाही तुटपुंजा. तो वाढवण्यासाठी प्लांते यांनी जो मार्ग काढला तो आपल्याला आज चक्रावून टाकील. घट चार्ज करायचा, रिकामा करायचा, मग प्रवाहाची दिशा बदलून उलट चार्ज करायचा, विश्रांती द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असे महिनोन्‌महिने केल्यावर दोन्ही पत्र्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र होई आणि घट अधिक वीज साठवू लागे. म्हणजे ज्याला आज आपण बिघाड म्हणतो, ती प्लांते यांच्याकडे बॅटरी घडवण्याची रीत होती.

१८८१ साली कामिल फोर यांनी या रीतीची गरज संपवली. शिशाच्या ऑक्साइडची लापशी करून ती थेट प्लेटवर लिंपली की महिन्यांचे काम एका चार्जिंगवर येते, हे त्यांनी दाखवले. कारखान्यांना हेच हवे होते. पुढच्याच वर्षी ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी घटात नेमके काय घडते त्याचा सिद्धान्त मांडला, आणि तो आजही टिकून आहे. बॅटरी वापरली जात असताना प्लस प्लेटवरचा लेड डायऑक्साइड आणि मायनस प्लेटवरचे सच्छिद्र शिसे, दोन्हींचे लेड सल्फेट होत जाते, आणि ॲसिडाचे पाणी. चार्ज करताना हेच उलट घडते.

यातून एक सरळ निष्कर्ष निघतो. बॅटरी पूर्ण रिकामी झाली की तिच्या दोन्ही प्लेटांवर मुख्यतः एकच पदार्थ असतो, लेड सल्फेट. त्या क्षणी प्लस कोण आणि मायनस कोण हे पदार्थ सांगू शकत नाही. पुढचा चार्जिंगचा प्रवाह ज्या दिशेने येईल त्याप्रमाणे एक प्लेट तपकिरी होईल आणि दुसरी करडी. डब्यावर प्लसची खूण कुठे छापली आहे याच्याशी रसायनाला देणेघेणे नसते. म्हणून पार उतरलेली बॅटरी उलट जोडली गेली तर ती निमूटपणे उलट चार्ज होते, आणि म्हणूनच ती पुन्हा सरळही करता येते.

पण इथे एक ‘परंतु’ आहे, आणि पुस्तिकेचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. रसायनाला दिशा कळत नसली तरी बांधणीला ती कळते. प्लांते यांचे दोन पत्रे जुळे होते. आजच्या बॅटरीतल्या दोन प्लेटा तशा नाहीत. मायनस प्लेटच्या लापशीत बेरियम सल्फेट, काजळी आणि लाकडातल्या लिग्निनपासून केलेला पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात मिसळतात. त्यामुळे शिशाची छिद्रे बुजत नाहीत आणि प्लेट वर्षानुवर्षे सच्छिद्र राहते. प्लस प्लेटमध्ये हे मिश्रण नसते. प्लस प्लेटची जाळी गंजत जाणार हे गृहीत धरून ती जाड घेतात. मायनसची जाळी पातळ चालते. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत तर फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो. तिची प्लस प्लेट म्हणजे शिशाच्या सळयांभोवती विणलेल्या नळ्या आणि त्यांत भरलेला मसाला, मायनस प्लेट मात्र सपाट, लिंपलेली.

अशी बॅटरी उलटली की प्रत्येक प्लेटला जे काम नेमून दिलेले नाही ते करावे लागते. मायनसची पातळ जाळी प्लसच्या जागी येऊन झपाट्याने गंजते. लिग्निनसारखा पदार्थ तिथे ऑक्सिडीकरणाने नष्ट होतो. जुन्या प्लस प्लेटवर तयार झालेल्या शिशाला छिद्रे उघडी ठेवणारे मिश्रण मिळत नाही, म्हणून ते काही फेऱ्यांतच घट्ट होत जाते. पदार्थ एका रूपातून दुसऱ्यात जाताना त्याचे आकारमान बदलते, मसाला सैल होतो आणि तळाशी गाळ साचतो. गाळ प्लेटांपर्यंत चढला की सेल आतल्या आत शॉर्ट. तेव्हा उलटलेली बॅटरी सरळ करता येते हे खरे, आणि ती पूर्वीसारखी होत नाही हेही तितकेच खरे. किती दिवस उलटी राहिली आणि त्या अवस्थेत तिने किती चार्ज-डिस्चार्ज पाहिले यावर उरलेले आयुष्य ठरते. चार्जरला रात्रभर उलटी लागलेली बॅटरी आणि दोन महिने उलटीच वापरलेली बॅटरी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता हे घडते कसे ते पाहू. पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: बॅटरी स्वतःहून कधीच उलटत नाही. ती पडून राहिली तर हळूहळू शून्यापर्यंत उतरेल, शून्याच्या खाली जाणार नाही. तिला खाली ढकलायला बाहेरची वीज लागते. ही वीज दोन ठिकाणांहून येते: शेजारच्या सेलाकडून किंवा चार्जरकडून.

शेजारच्या सेलाची गोष्ट आधी. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकामागून एक जोडलेले असतात आणि सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. त्यांतला एक अशक्त असेल तर तो इतरांआधी रिकामा होतो. जड नांगराला सहा बैल जुंपावेत आणि एकाने बसकण मारावी, तर बाकीचे पाच त्याला फरफटत नेतात. तसे उरलेले पाच सेल आपला प्रवाह त्या रिकाम्या सेलातून जबरदस्तीने पुढे रेटतात. त्या सेलाच्या दृष्टीने हा उलटा चार्ज असतो. दिवा विसरून रात्रभर चालू राहिला, सौर संचात बॅटरी वेळेवर तोडणारी व्यवस्था नसली, की हे घडते. ई-रिक्षात किंवा ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर चार बॅटऱ्या मालिकेत असतात, तिथे एखादी संपूर्ण बॅटरी याच रीतीने उलटू शकते. नव्या तीन बॅटऱ्यांत जुनी एक घालणे म्हणजे या दोषाला आमंत्रण.

चार्जरची गोष्ट थोडी वेगळी. भरलेली बॅटरी साध्या चार्जरला उलटी जोडली तर ती त्याच्या डायोडमधून जवळजवळ शॉर्ट होते. ठिणगी उडते, फ्यूज जातो, आणि फ्यूज नसेल तर डायोड जातात. मोटारीच्या अल्टरनेटरमध्येही हेच घडते. नुकसान होते, पण चूक तिथेच कळते. पार उतरलेली बॅटरी उलटी जोडली तर मात्र ठिणगी उडत नाही, चार्जरचा काटा नेहमीसारखा हलतो, आणि सकाळी बॅटरी ‘भरलेली’ मिळते. सगळ्यात फसवी चूक हीच. नवे इलेक्ट्रॉनिक चार्जर उलटी जोडणी ओळखून चालूच होत नाहीत, पण गल्लीबोळांतले ट्रान्सफॉर्मरवाले चार्जर अजून भरपूर आहेत. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत आणखी एक वाट असते. डायनॅमोच्या लोखंडात उरलेले चुंबकत्व उलटले तर तो उलट वीज देऊ लागतो. अशा गाडीत बॅटरी बदलून भागत नाही; डायनॅमोला योग्य दिशेने क्षणभर वीज देऊन त्याचे चुंबकत्व सरळ करावे लागते.

चुकलेल्या वायरींबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मायनस जमिनीला किंवा गाडीच्या सांगाड्याला जोडायचा, हा निसर्गाचा नियम नाही, एक संकेत आहे. ब्रिटनमधल्या अनेक जुन्या मोटारींत प्लस सांगाड्याला जोडलेला असे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आजही प्लस जमिनीला असतो आणि पुरवठा उणे ४८ व्होल्टचा मानतात. जमिनीतल्या तारांचे गंजणे त्यामुळे कमी होते. जुनी गाडी किंवा जुना संच हाती आला तर सांगाड्याला कोणती बाजू जोडली आहे हे पाहिल्याशिवाय बॅटरीला दोष देऊ नये.

निदानाचा क्रम पुस्तिकेत सविस्तर आला आहे. इथे त्याचा सांगाडा देतो. सर्वांत आधी मीटर तपासायचा. घड्याळातला साधा सेल घेऊन मीटर त्याचा प्लस-मायनस बरोबर दाखवतो का ते पाहायचे. मीटरच्या वायरी उलट खाचांत खोवलेल्या असणे ही कल्पनेपेक्षा नेहमीची गोष्ट आहे. मग बॅटरी सगळ्या वायरींपासून सोडवून तिच्याच टर्मिनलवर व्होल्टेज घ्यायचे, वायरींच्या टोकांवर नाही. मग खुणा पाहायच्या. रंग विसंबण्याजोगा नसतो, लाल टोपी कुणीही कुठेही बसवतो. डब्यात कोरलेले चिन्ह अधिक खरे. मोटारीच्या बॅटरीत प्लसचा खांब मायनसपेक्षा जाड असतो, ही आणखी एक पक्की खूण. हाताशी मीटर नसेल तर बटाट्याची जुनी युक्ती उपयोगी पडते. कापलेल्या बटाट्यात तांब्याच्या दोन वायरी थोड्या अंतरावर खुपसल्या तर प्लसला जोडलेल्या वायरीभोवती हिरवट डाग पडतो.

आता आकडे. चांगल्या, भरलेल्या सेलाचे व्होल्टेज सुमारे २.१, म्हणून सहा सेलांचे १२.६. मीटर १०.५ दाखवत असेल तर एक सेल मेलेला किंवा शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. ८.४ दाखवत असेल तर एक सेल उलटलेला असण्याचा संशय घ्यावा, कारण पाच सेलांच्या बेरजेतून एक वजा होतो. दोन सेल उलटले तर ४.२ उरतात. आणि उणे १२ च्या आसपास असेल तर सगळीच बॅटरी उलटली. अर्थात हे आकडे पूर्ण भरलेल्या सेलांचे आहेत; प्रत्यक्षात ते थोडे इकडेतिकडे होतात. शिवाय भाराखाली उलटलेला सेल भार काढल्यावर काही वेळाने शून्याकडे किंवा थोडा प्लसकडे परततो आणि निर्दोष असल्यासारखा दिसतो. म्हणून हेडलाइटचा दिवा किंवा तत्सम भार लावूनच मोजमाप घ्यायचे. भाराखाली ज्या बॅटरीचे व्होल्टेज एकदम कोसळते तिच्यात असा सेल शोधावा. त्या वेळी झाकणे काढलेली असतील तर त्या सेलात बुडबुडेही दिसतात, पण तिथे ठिणगी किंवा काडी नेण्याचा मोह कुणी करू नये.

हायड्रोमीटरबद्दल स्वतंत्र इशारा द्यायला हवा. आपल्याकडे बॅटरीचा निवाडा ‘ग्रॅव्हिटी’ पाहून करायची सवय आहे. भरलेल्या बॅटरीत ती साधारण १२४० ते १२८० च्या दरम्यान असते, आणि उतरली की खाली जाते. पण ॲसिड किती घट्ट आहे हे चार्ज किती आहे यावर ठरते, तो कोणत्या दिशेचा आहे यावर नाही. उलट चार्ज झालेल्या बॅटरीचे ॲसिडही पुन्हा घट्ट होते. म्हणून सगळ्या सेलांची ग्रॅव्हिटी छान आली आणि तरी मीटरवर वजा दिसतो, तेव्हा गोंधळून जाऊ नये. तो मीटर आणि हायड्रोमीटर यांतला तंटा नाही. दोघेही खरे सांगत आहेत.

दुरुस्तीचा क्रम ऐकायला सोपा, करायला सबुरीचा. उलटलेली बॅटरी आधी पूर्ण रिकामी करायची. त्यासाठी १२ व्होल्टचा दिवा टर्मिनलांना लावून व्होल्टेज शून्यावर येईपर्यंत ठेवायचा. थेट शॉर्ट करून रिकामी करणे हा अपघाताचा रस्ता आहे. मग योग्य दिशेने, कमी प्रवाहाने चार्ज. १५० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला सुरुवातीला ७.५ ॲम्पिअर पुष्कळ झाले, म्हणजे क्षमतेचा विसावा भाग. बॅटरी हाताला गरम लागली, तिचे तापमान ४५ अंशांच्या वर गेले, की चार्जर बंद करून ती निवू द्यायची. दर तासाला प्रत्येक सेलाची ग्रॅव्हिटी आणि एकूण व्होल्टेज वहीत लिहायचे. लागोपाठ तीन नोंदींत आकडा हलला नाही तर चार्ज पूर्ण झाला असे समजावे. वर घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. ग्रॅव्हिटी वाढावी म्हणून ॲसिड ओतणे म्हणजे तापमापकाला गार पाण्यात धरून ताप उतरला म्हणणे.

त्यानंतर खरी परीक्षा. बॅटरी भरून काही तास ठेवायची आणि मग ठरावीक भार लावून ती किती वेळ टिकते ते पाहायचे. वरच्याच बॅटरीला ७.५ ॲम्पिअरचा भार लावला तर नवी असताना ती १०.५ व्होल्टवर यायला सुमारे २० तास लागायला हवेत. सावरलेली बॅटरी बारा-तेरा तास टिकली तर घरच्या दिव्या-पंख्याला ती चालेल. पाच-सहा तासांतच बसली तर तिच्यावर आणखी वीज खर्च करण्यात अर्थ नाही. चार्ज-डिस्चार्जच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर क्षमता थोडी सुधारते, तेव्हा पहिल्याच फेरीवर निकाल देऊ नये, आणि अनेक फेऱ्यांनंतरही आशा धरून बसू नये. एकच सेल उलटलेला असेल तर प्रश्न अधिक अवघड होतो. सगळी बॅटरी चार्ज करताना तो एक सेल सरळ होईपर्यंत बाकीचे पाच अतिचार्ज होतात. जुन्या बॅटऱ्यांत सेलांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या असत, त्यामुळे एकच सेल वेगळा चार्ज करता येई. आजच्या बंद डोक्याच्या बॅटरीत ती सोय नाही. शिवाय तो सेल मुळात अशक्त होता म्हणूनच उलटला, हे विसरून चालत नाही. यूपीएसमधल्या सीलबंद बॅटऱ्यांत पाणी घालता येत नाही आणि ग्रॅव्हिटी मोजता येत नाही. त्या उलटल्या तर बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग.

‘उलटली तर उलटली, खुणा बदलून तशीच वापरू’ असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. तो मानू नये. वर सांगितलेल्या कारणांनी अशी बॅटरी लवकर मरते, आणि पुढे कुणी तरी मूळ छापील खुणा पाहून ती जोडतो व दुसऱ्याचे यंत्र जाळतो. सल्फेट घालवण्यासाठी मुद्दाम उलट चार्ज देण्याची जुनी गॅरेजयुक्तीही याच जातीची. सल्फेटबरोबर मसालाही सुटतो आणि सुधारणा औटघटकेची ठरते. बॅटरी ‘जिवंत’ करणाऱ्या पुड्यांविषयी एवढेच सांगतो, की गंजलेली जाळी आणि गळून तळाशी गेलेला मसाला कोणत्याही पुडीने परत जागेवर येत नाही.

सुरक्षेचे प्रकरण मुद्दाम सुरुवातीला ठेवले आहे. ते ओलांडून पुढे जाऊ नये. बारा व्होल्टने झटका बसत नाही, म्हणून माणसे बॅटरीला भीत नाहीत. धोका वेगळा आहे. चार्ज पूर्ण होत आला की सेलांतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून खोली हवेशीर हवी, आणि चिमटे लावण्या-काढण्याआधी चार्जर भिंतीच्या बटणाने बंद केलेला हवा. हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. पाना आणि दोन टर्मिनल यांच्यात सापडलेले धातूचे कडे क्षणात लाल होते. डोळ्यांत ॲसिड गेले तर भरपूर पाण्याने निदान १५ मिनिटे धूत राहावे आणि मग डॉक्टरकडे जावे. सांडलेल्या ॲसिडावर खाण्याचा सोडा टाकावा. आणि ज्या बॅटरीच्या प्लस-मायनसबद्दल शंका आहे तिला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीशी जम्परने कधीही जोडू नये. एक सरळ आणि एक उलटी अशा दोन भरलेल्या बॅटऱ्या समोरासमोर आल्या तर त्या वर्तुळात जवळपास २५ व्होल्ट आणि अडवायला फक्त वायर एवढेच उरते.

पुस्तिका कुणासाठी, तर आयटीआयच्या विद्यार्थ्यासाठी, तालुक्याच्या गावातल्या वायरमनसाठी, ई-रिक्षा चालवणाऱ्यासाठी आणि मीटर हाताळायची भीती न वाटणाऱ्या घरच्या माणसासाठी. रसायनाची समीकरणे शेवटी दिली आहेत; ती वगळली तरी काम अडत नाही. लिथियम बॅटऱ्यांचा विचार इथे केलेला नाही. त्यांचे दोष आणि धोके निराळे आहेत, आणि इथले एकही कृतिसूत्र त्यांना लावू नये. पारिभाषिक शब्दांबाबत दुकानात चालणारी भाषा स्वीकारली आहे. विद्युतघट, धनाग्र, ऋणाग्र हे शब्द पाठ्यपुस्तकात योग्यच आहेत, पण हातात पाना असलेल्या माणसाला प्लस-मायनस आणि सेल जवळचे वाटतात.

शेवटी निकालाची गोष्ट. या पुस्तिकेतल्या रीतीने तपासलेल्या काही बॅटऱ्या वाचतील, काही वाचणार नाहीत. न वाचणारी बॅटरी ओढ्याकाठी ॲसिड ओतून फोडणाऱ्याच्या हाती देऊ नका. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. तेच शिसे अधिकृत कारखान्यात वितळवले तर पुन्हा नव्या बॅटरीत जाते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून योग्य ठिकाणी सोपवण्याची जबाबदारी आपल्यावर. तेव्हा आधी नीट मोजा, मग सावरून पाहा, आणि सावरत नसेल तर ॲसिडासकट, न फोडता, विक्रेत्याकडे परत द्या.